स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली; आता विचारायचं कुणाला?

बायॉप्सीचा रिपोर्ट आला की घरात जो तो सल्ला देऊ लागतो. त्याआधी रिपोर्टमधल्या तीन नोंदी डॉक्टरांकडून समजून घ्या: ईआर, पीआर आणि हर-टू. हार्मोनच्या गोळ्या उपयोगी पडतील का, वेगळी इंजेक्शनं लागतील का, हे बरंचसं त्यांवर ठरतं. प्रश्न वहीत लिहून न्या, सोबत एखादं शांत डोक्याचं माणूस असू द्या. परळच्या टाटा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग आहे. पैशांची, राहण्याची अडचण तिथे मोकळेपणाने सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. आणि या आजारातून गेलेल्या एखादीला जरूर भेटा. केस गळण्याबद्दल, थकव्याबद्दल तिच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. जडीबुटीच्या नादी लागून उपचार मात्र लांबवू नका.