लहान ट्रॅक्टरचा पावसाळी टप : वेल्डर आणि कुशनवाल्यांसाठी हाताशी असलेले काम

युरोप-अमेरिकेत लहान ट्रॅक्टरला बाजारातून आणलेली हिवाळी केबिन बसवतात. बर्फ आणि बोचरे वारे यांपासून चालकाला आडोसा मिळावा हा तिचा हेतू. आपल्याकडे बर्फ नाही, पण कोयनानगरचा पाऊस आहे. पाटण तालुक्याच्या या पश्चिम टोकाला वर्षाकाठी सुमारे 5000 मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तो कुंभार्ली घाटाकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. भाताची चिखलणी नेमकी याच दिवसांत असते. इरले किंवा रेनकोट घालून चार तास ट्रॅक्टर चालवणे ही सजा आहे. म्हणूनच ट्रॅक्टरमालक टप बसवून मागतो, आणि हे काम कराड, पाटण, चिपळूण भागातील फॅब्रिकेशनवाले व कुशनवाले यांच्या हातचे आहे.

मात्र हे काम जीप किंवा टेम्पोच्या टपासारखे नाही. पंधरा ते चोवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर वजनाने हलका आणि चाकांच्या अंतराने अरुंद असतो. त्याच्या डोक्यावर जे काही चढवाल त्याचा हिशेब तोलात द्यावा लागतो.

एक ठोकळ गणित मांडून पाहू. ट्रॅक्टर 800 किलोचा आणि त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर धरा. चाकाच्या मध्यापासून ट्रॅक्टरच्या मध्यरेषेपर्यंत 40 सेंटिमीटर. असा ट्रॅक्टर सुमारे 34 अंशांच्या आडव्या उतारावर तोल सोडतो. आता त्यावर 120 किलोचा पत्र्याचा बंद टप बसवला आणि त्या वजनाचा मध्य 160 सेंटिमीटरवर आला, तर सगळ्याचा मध्य 73 सेंटिमीटरवर चढतो आणि तोल 29 अंशांवरच सुटतो. तोच टप 45 किलोत बसवला तर मध्य 65 सेंटिमीटरवर राहतो आणि कोन 31 ते 32 अंश. हे आकडे उभ्या, स्थिर ट्रॅक्टरचे आहेत. पुढचा अ‍ॅक्सल खिळीवर झुलतो, बांधावरून चाक आपटते, मागे ट्रॉली ढकलते. प्रत्यक्षात उलटणे याच्या बरेच आधी होते. कोयनेच्या डोंगरउताराच्या खाचरांत हे चार-पाच अंश म्हणजे माणसाचा जीव आहे.

वजन कुठून येते? टपाच्या सांगाड्याला साधारण 16 मीटर चौकोनी पाईप लागतो. 40 बाय 40, तीन मिलिमीटर जाडीचा घेतला तर मीटरला जवळपास साडेतीन किलो, म्हणजे एकट्या सांगाड्याचे 54-55 किलो. 25 बाय 25, दोन मिलिमीटरचा घेतला तर सगळा सांगाडा 22-23 किलोत होतो. एक मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला सुमारे आठ किलो, पाच मिलिमीटर काच साडेबारा किलो. गिऱ्हाईक पाईप दाबून बघते आणि जाड असेल तर खूष होते. त्याला वजनकाट्यावरचे गणित समजावून सांगणे हेही कारागिराचे काम आहे. पातळ पाईपला ताकद द्यायची ती कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या लावून. वर पत्रा किंवा फायबरचे छत, समोर काच, आणि बाजूंना ताडपत्री किंवा रेक्झिनचे पडदे, त्यांत पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी. येथे कुशनवाल्याची कला लागते, आणि पाऊस संपला की पडदे गुंडाळून ठेवता येतात.

काच सुरक्षा काचच हवी, जी फुटल्यावर बारीक दाणे होते. खिडकीची साधी काच लावणारा माणूस पुढच्या माणसाच्या गळ्याशी खेळतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ ट्रॅक्टरना मागे लोखंडी कमान असते, जिला रोल बार म्हणतात. ट्रॅक्टर उलटला तरी चालकापुरती जागा राखण्यासाठी ती असते. स्वीडनने 1959 साली नव्या ट्रॅक्टरना अशी संरक्षक चौकट सक्तीची केली. ही कमान ठरावीक दाब देऊन तपासलेली असते. तिच्यावर वेल्डिंग केले किंवा भोक पाडले की ती चाचणी बाद झाली, कारण उष्णतेने लोखंडाचा गुण बदलतो. टप तिला धरायचाच असेल तर रबर घालून क्लँपने धरावा. कमान कापून तिच्या जागी टप बसवा, असे कोणी म्हणाले तर काम परत करावे. आपला टप ऊनपावसासाठी आहे, उलटल्यावर तो वाचवणार नाही, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगावे. कमान असेल तर सीटबेल्ट लावायचा. नुसता टप असेल तर बेल्टने बांधून घेणे उलट घातक.

टपाचे पाय कंपनीने ठेवलेल्या बोल्टच्या जागांवर, रबरी वायसर घालून बसवावेत. मागच्या अ‍ॅक्सलचे घर बिडाचे असते, त्यावर वेल्डिंग नको. ट्रॅक्टरवर कोठेही वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी.

चिखलात चाक रुतून ट्रॅक्टर पुढून उचलला तर चालकाला क्षणभराचाच अवधी मिळतो, म्हणून दोन्ही बाजू एका धक्क्याने उघडल्या पाहिजेत. कड्या, नट किंवा दोऱ्यांच्या गाठी नकोत. मागे ट्रॉलीचा हूक दिसला पाहिजे. पावसात श्वासाने काच धूसर होते, त्यासाठी वर झडप ठेवावी. सायलेन्सरचा धूर आत वळत नाही ना, हे इंजिन चालू ठेवून सर्व पडदे लावून पाहावे. हा धूर वासाने दर वेळी कळत नाही. वायपर बसवला तर त्याला वेगळा फ्यूज द्यावा.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलाला आडकाठी करते. काढता येणारा, बोल्टवरचा टप हा बरा मार्ग. तरी मालकाने परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी दोन्हीकडे आधी विचारून घ्यावे.

दर सांगताना लोखंडाच्या किलोवर मजुरी लावण्याची पद्धत येथे सोडून द्यावी, कारण ती जाड पाईपला बक्षीस देते. ठोक रक्कम सांगावी. ऑर्डरी एप्रिल-मेमध्येच घ्याव्यात, आणि शेतात आठ-दहा तास काम झाल्यावर ट्रॅक्टर परत बोलावून सारे बोल्ट पुन्हा आवळून द्यावेत.