हलका बँजो म्हणजे कच्चा बँजो नव्हे

महाराष्ट्रात बँजो म्हटलं की मिरवणुकीतलं वाद्य आठवतं, टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं. ते बुलबुलतरंग. १९१२ मध्ये जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो बनवलं, त्याचं हे भारतीय रूप. इथे बोलायचं आहे ते अमेरिकी बँजोबद्दल. गोल कड्यावर ढोलकीसारखं ताणलेलं कातडं किंवा प्लास्टिक, त्याला जोडलेली लांब दांडी आणि बोटांनी छेडायच्या तारा असं त्याचं रूप. या दोन वाद्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. ऑनलाइन खरेदी करताना फोटो नीट पाहावा, म्हणजे घरी भलतंच वाद्य यायचं नाही.

हा अमेरिकी बँजो शिकायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला बहुधा चुकीचाच मिळतो: ‘चांगला बँजो जड असतो, हलका घेतलास तर तो खेळण्यातला समज.’ या समजुतीमुळे कितीतरी लोक न पेलणारं वाद्य घेतात आणि मग ते कपाटावर पडून राहतं.

वजन बँजोत नंतर आलं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर आणि उत्तर अमेरिकेत घडवलेले पहिले बँजो भोपळ्याचे होते, त्यावर कातडं आणि एक लाकडी दांडी. सेनेगल-गांबिया भागातल्या जोला लोकांचं आकोंटिंग हे वाद्य आजही त्यांची आठवण करून देतं, बँजोत असते तशा आखूड तारेसकट. बँजो हे मुळात अमेरिकेतल्या गोऱ्या डोंगरी लोकांचं वाद्य, ही समजूतही इथेच निकालात निघते. रियानन गिडन्ससारख्या कलावंतांनी हा विसरलेला वारसा पुन्हा लोकांसमोर आणला.

पुढे ध्वनिवर्धक नसलेल्या सभागृहांत आवाज पोचवायची गरज वाढली. मग मागे रेझोनेटर, म्हणजे आवाज पुढे फेकणारी लाकडी पाठ, आणि आत धातूची टोन रिंग आली. गिब्सन कंपनीचे मास्टरटोन बँजो १९२० च्या दशकातले. बँजोवादक अर्ल स्क्रग्ज १९४५ च्या अखेरीस बिल मन्रो यांच्या ब्लू ग्रास बॉइज या वाद्यवृंदात आले. त्यांच्या तीन बोटांच्या वेगवान वादनामुळे हाच जड, खणखणीत आवाजाचा बँजो जगाच्या कानात बसला. जाड धातूची एकटी टोन रिंगच सुमारे दीड किलोची असते, आणि असा पूर्ण बँजो पाच किलोंच्या आसपास जातो. फिडल, मेंडोलिन, गिटार यांच्या गर्दीत आवाज उठून ऐकू यायला त्या वजनाचा उपयोग आहेच. पण घरात बसून पहिले सूर शोधणाऱ्याला ते कशाला हवं? मागून उघडा, टोन रिंग नसलेला बँजो साधारण दोन-अडीच किलोंत येतो. तो मांडीवर तासभर राहतो, आणि शिकणाऱ्याला तो तासच हवा असतो.

‘उघड्या बँजोवर ब्लूग्रास, म्हणजे मन्रो-स्क्रग्ज यांच्या धाटणीचं संगीत, वाजत नाही,’ असंही सांगितलं जातं. तारा त्याच, सूर त्याच जागी, बोटांची चालही तीच. फरक आवाजाच्या जोराचा आणि धारेचा. शिवाय क्लॉहॅमर, म्हणजे नखाने तार खाली मारत आणि अंगठ्याने पाचवी तार छेडत वाजवायची जुनी पद्धत, बरेच वादक उघड्या बँजोवरच पसंत करतात. उघड्या पाठीचा आणखी एक फायदा आहे. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून मागच्या बाजूने एक मऊ फडकं कातड्यापाशी सारलं की आवाज बराच खाली येतो.

तारांबाबत घोळ सर्वांत महागात पडतो. पाच तारांचा, चार तारांचा, सहा तारांचा, सगळ्यांना बँजोच म्हणतात आणि दुकानात ते शेजारी शेजारी टांगलेले असतात. पण चार तारांचा टेनर बँजो जॅझ आणि आयरिश संगीतात वाजतो. सहा तारांचा बँजो गिटारसारखा लावलेला असतो. गिटार येणाऱ्याला तो लगेच हाती लागतो, पण त्यावर ब्लूग्रास किंवा क्लॉहॅमरचे धडे जसेच्या तसे वाजवता येत नाहीत. ज्या वादनाने मनाला ओढ लावली ते बहुधा पाच तारांच्या बँजोवरचं असतं. त्याची पाचवी तार आखूड असते आणि तिची खुंटी दांडीच्या बाजूला, पाचव्या फ्रेटजवळ असते. ती चूक किंवा तुटलेली खुंटी नव्हे. ती उंच सुराची तार सतत वाजत राहते आणि बँजोला त्याची ओळख देते.

आता किमतीकडे. ‘स्वस्त म्हणजे वाईट लाकूड’ ही समजूत मला फार अर्धवट वाटते, कारण स्वस्त बँजो बिघडतो तो लाकडापेक्षा जुळणीत. गोल्ड टोनच्या एसी-१ या बँजोचं कडं लाकडाचं नसून कृत्रिम मिश्र पदार्थाचं आहे. तरीही तो शिकायला उत्तम आहे, कारण दांडी सरळ आणि वाजवायला सोपी आहे. डिअरिंगचा गुडटाइम मॅपल लाकडाच्या कड्याचा, कॅलिफोर्नियात बनणारा, दोन किलोंहून थोडा कमी वजनाचा आणि किमतीने एसी-१ पेक्षा बराच वरचा. पैसे असतील तर गुडटाइम वर्षानुवर्षं साथ देईल. नसतील तर एसी-१ घेऊन उरलेल्या पैशांत जाड पिशवी, ट्यूनर आणि चांगल्या कारागिराकडून जुळणी करून घ्यावी. भारतात मागवताना वाहतूक आणि आयात शुल्क धरून हिशेब करावा, छापील डॉलरांवर जाऊ नये.

जुळणी म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगायला हवं. बँजोची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो छोटा तुकडा, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने जागेवर राहते. प्रवासात ती सरकते किंवा मुद्दाम आडवी करून पाठवलेली असते. मग नवा मालक वाजवून पाहतो, सगळं बेसूर लागतं आणि वाद्यच खराब आहे असं त्याला वाटतं. उपाय सोपा आहे. खुंट्यांजवळ तारा ज्या पट्टीवर टेकतात तिथपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजायचं आणि बाराव्या फ्रेटपासून घोडी जवळपास तेवढ्याच अंतरावर उभी करायची. तारा सुरात लावायच्या. मग बाराव्या फ्रेटच्या वर तारेला बोट हलकेच टेकवून येणारा सूर आणि तिथेच दाबून येणारा सूर जुळवायचे. दाबलेला सूर चढा लागला तर घोडी किंचित मागे, उतरता लागला तर किंचित पुढे.

त्यानंतर पडदा, म्हणजे कड्यावर ताणलेलं कातडं किंवा प्लास्टिक, पाहावा. तो सैल असेल तर घोडी खाली बसते, तारा फ्रेटवर घासतात आणि आवाज भद्द होतो. कडेचे नट थोडे थोडे, समोरासमोरच्या जोड्या धरून आवळायचे, एकाच ठिकाणी जोर लावायचा नाही. आजचे बहुतेक बँजो प्लास्टिकच्या पडद्याचे असतात, त्यामुळे ‘पावसाळ्यात बँजो उतरतो’ हे भय मुख्यतः खऱ्या कातड्याच्या जुन्या वाद्यांपुरतं खरं आहे. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत मात्र दांडीचं लाकूड आणि तारांचा गंज यांच्याकडे लक्ष ठेवावं.

घ्यायला गेल्यावर आधी दांडीला डोळा लावून ती वाकलेली नाही ना हे पाहावं. बाराव्या फ्रेटवर तारा तीनेक मिलिमीटरपेक्षा फार वर असतील तर बोटं लवकर दुखतात. पाचव्या तारेची खुंटी फिरवून पाहावी. ती दाते असलेली असेल तर उत्तम. नुसत्या घर्षणावर टिकणारी असेल तर तार वारंवार उतरते आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपला कान कच्चा आहे. शेवटी पट्टा लावून उभं राहावं. हलक्या बँजोत दांडीकडचा भार जाणवतो आणि ती खाली झुकू लागते. पट्टा कड्याच्या वेगळ्या आकड्यांत अडकवून पाहिला की बहुतेक वेळा तोल सापडतो.