स्क्रीन काळी पडते? नवं कार्ड घेण्याआधी हे पाहा

गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालू असताना स्क्रीन एकदम काळी. 'अब्बू, ग्राफिक्स कार्ड गेलं,' असं मुलगा सांगतो आणि घरात हजारो रुपयांच्या खर्चाचा विषय निघतो. जरा थांबा.

घिवली-तारापूरसारख्या किनाऱ्यावर पहिला संशय खाऱ्या, दमट हवेवर घ्यावा. कार्डाच्या सोनेरी पट्टीवर मळ धरतो, पंख्यात धूळ चिकटते. प्लग काढा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातला करंट उतरवा, मग कार्ड बाहेर घ्या. पट्टी पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा, कण झटका आणि कार्ड 'कट' आवाज येईपर्यंत परत बसवा. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं.

कॉम्प्युटर पूर्णच बंद होत असेल तर पॉवर सप्लाय बघा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, आठ पिनांच्या वायरीतून आणखी 150. सप्लाय हलका असला की जोराच्या कामात मान टाकतो. आणि शेजारी 1969 पासून अणुवीज केंद्र आहे म्हणून घरातलं व्होल्टेज स्थिर असेलच असं नाही!

स्क्रीन काळी होऊन परत येत असेल तर ड्रायव्हर. कार्डाने 2 सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ते रीसेट करतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 4101 नंबर दिसतो. सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर काढून कंपनीच्या साइटवरून नवा टाका. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर आधीचाच बरा.

तरीही थांबत नसेल तर कार्ड एखाद्या नातेवाईकाच्या चांगल्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही बंद पडलं, तरच दुकानाची वाट धरा.