वैद्यक आणि विवेक : लेखांक सहावा
अखेरच्या निर्णयाचा अधिकारी कोण?

गेल्या आठवड्यातील लेखांकात नव्या औषधांच्या चाचण्यांचा विचार करताना आपण असे पाहिले की, रोगी शुद्धीवर असून त्याला सर्व हकीकत त्याला समजेल अशा भाषेत सांगितलेली असेल, तरच त्याच्या संमतीला नीतीच्या दृष्टीने काही मोल राहते. आज ज्या प्रश्नाकडे वळावयाचे आहे तो याहून बिकट आहे. कारण ज्याची संमती घ्यावयाची तोच येथे बेशुद्ध असतो, आणि निर्णय तर लांबणीवर टाकता येत नाही.

नगर-मनमाड रस्त्यावरील आमच्या नागापुरास हा प्रश्न परका नाही. एका अंगास नगर शहरातील इस्पितळे आणि दुसऱ्या अंगास विळद घाटातील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असल्यामुळे, औद्योगिक वसाहतीतील पगारावर चालणाऱ्या येथील कुटुंबांना अतिदक्षता विभाग आता दूर राहिलेला नाही. कृत्रिम श्वासावर ठेवलेल्या वृद्ध पित्याविषयी डॉक्टर जेव्हा ‘पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवा’ असे म्हणतात, तेव्हा थोरला मुलगा चुलत्यांकडे पाहतो, चुलते गावाहून येणाऱ्या मामांची वाट पाहतात, आणि ‘प्रयत्न सोडले’ हा बोल आपल्या माथी येऊ नये या एकाच धास्तीने सर्वजण गप्प राहतात. ज्याच्या देहाविषयी ही मसलत चाललेली असते त्याला, तो बोलता-चालता असताना, याविषयी कोणी कधी विचारलेलेच नसते. इतकेच नव्हे, तर ‘त्यांना आजाराचे नाव सांगू नका’ अशी विनंती घरच्यांनीच डॉक्टरांना केलेली असते.

या प्रश्नाला भारतीय कायद्यात जे स्थान मिळाले त्याच्या मुळाशी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग या परिचारिकेचे दुर्दैव आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष अत्याचार केला, गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ती त्याच रुग्णालयात पडून होती. लेखिका पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने अर्ज केला की, हे जगणे लांबवू नये. आणि ज्या परिचारिकांनी पिढ्या बदलल्या तरी तिला भरवण्यात व तिची निगा राखण्यात खंड पडू दिला नाही, त्यांनी या अर्जास कळकळीची हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात परिचारिकांचा व रुग्णालयाचा हक्क अधिक जवळचा मानून अर्ज फेटाळला. मात्र त्याच निकालात, उच्च न्यायालयाची मंजुरी घेऊन निष्फळ उपचार थांबविता येतील, हे तत्त्व प्रथमच मान्य केले.

या प्रकरणाकडे दोन पक्षांतील झगडा म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. पण माझ्या मते दोन्ही पक्षांच्या ठायी निखळ माया होती, आणि दोहोंपैकी एकालाही जे ठाऊक असणे शक्य नव्हते ते एकच होते: खुद्द अरुणेची इच्छा. ही उणीव भरून काढण्याची तजवीज ९ मार्च २०१८ च्या पाच न्यायमूर्तींच्या निकालाने केली. सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवून, प्रौढ व शहाण्या मनुष्यास आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आगाऊ इच्छापत्र करण्याची मुभा न्यायालयाने दिली. आरंभीच्या अटी इतक्या जाचक होत्या की त्यांचा अंमल होणे दुरापास्त होते. पुढे २४ जानेवारी २०२३ रोजी त्या शिथिल झाल्या, त्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या सहीऐवजी आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे होतात. आणि उपचार थांबवावेत की नाही यावर मत देणाऱ्या वैद्यकीय मंडळांवरील तज्ज्ञांस वीस वर्षांच्या अनुभवाऐवजी पाच वर्षांचा अनुभव चालतो. प्रथम रुग्णालयाचे मंडळ, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर ज्यावर असतो असे दुसरे मंडळ, आणि दोहोंनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावे, अशी ही रचना आहे. इच्छापत्र नसेल तर आप्तांच्या संमतीने हाच मार्ग चोखाळता येतो. विष टोचून प्राण घेणे मात्र आजही गुन्हाच आहे.

परंतु कायद्याच्या या सुबक मांडणीत एका कटू वस्तुस्थितीला जागा नाही. आपल्याकडे कितीतरी रोगी पैसा संपला म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेले जातात. कागदावर नातेवाइकांची सही असते, पण ती सही दारिद्र्याने करवून घेतलेली असते. जमीन गहाण पडल्यावर घेतलेल्या निर्णयाला स्वातंत्र्याचे नाव देणे ही क्रूर फसवणूक होय. म्हणून उपचार थांबविण्याच्या हक्काबरोबरच, परवडणारे उपचार मिळण्याचा आणि वेदना शमविणाऱ्या शुश्रूषेचा हक्कही मागितला पाहिजे. मॉर्फीनसारखी वेदनाशामके गरजूंना सुलभतेने मिळावीत म्हणून अमली पदार्थांचा कायदा २०१४ साली दुरुस्त झाला, तरी ती सोय खेड्यापाड्यांतील खाटेपर्यंत पोहोचविण्याचे काम शिल्लक आहे. यंत्र काढले म्हणजे सेवा संपली, असे मुळीच नाही. अंग पुसणे, तोंड ओले करणे, कूस बदलणे, कळ थांबविणे हे सर्व अखेरच्या श्वासापर्यंत देणे लागते, आणि हा धडा केईएमच्या परिचारिकांइतका दुसऱ्या कोणी क्वचितच दिला असेल.

पवनार येथे नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी औषध व अन्न नाकारले, तेव्हा भोवतालच्यांस दुःख झाले तरी संभ्रम पडला नाही, कारण त्यांचा मनोदय त्यांनी स्वतःच प्रकट केला होता. सामान्य संसारी मनुष्याने तसे व्रत घ्यावे असे कोणी म्हणत नाही. पण आपली इच्छा आप्तांस आगाऊ सांगून ठेवणे हे त्यालाही साध्य आहे. शेताची वाटणी आणि घराची नोंद यांविषयी आपण वडीलधाऱ्यांशी निःसंकोच बोलतो. मग ‘दादा, तुमच्या शेवटच्या दुखण्यात काय करावे नि काय करू नये?’ हे विचारणे अशुभ का मानावे? उत्तर कागदावर उतरवून, आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू माणसाचे नाव त्यात घालून, त्याची एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे व एक स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या दप्तरी द्यावी. मुलगा असा सवाल घालतो तेव्हा तो बापाचे मरण चिंतीत नसतो. पुढे येणाऱ्या एका भयंकर घडीला आपल्याला अंदाजाने वागावे लागू नये एवढेच तो मागत असतो, आणि बापाने त्याला हे उत्तर देणे हे वात्सल्याचेच एक कर्तव्य आहे.

पुढील लेखांकात मेंदूमृत्यू आणि अवयवदान यांचा विचार करू; तेथेही, मृताची इच्छा ठाऊक असलेल्या घरास निर्णय किती सोपा जातो, हे आपल्या ध्यानी येईल.