दापोलीची पेन्शनर मंडळी

आपल्याकडे तालुक्याच्या गावी माजी सैनिकांची एखादी संघटना बहुधा असतेच. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला निधी गोळा करावा, झेंडावंदनाला पदके लावून हजर राहावे, कुणा विधवेचे पेन्शन अडले तर सैनिक कल्याण कार्यालयात तिच्याबरोबर खेटे घालावेत, असे त्यांचे काम चालते. 'चांगली माणसे आहेत' असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु निवृत्त शिपायांनी एकत्र बसून समाजाचे काम करावयाचे मनावर घेतले, तर त्यातून केवढी गोष्ट उभी राहते, हे पाहावयाचे असेल तर सव्वाशे वर्षांहून मागे, कोकणातल्या दापोलीला जावे लागते. मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी झाले. पण संघटना कशी बांधली जाते हे थोडेफार पाहिले आहे, आणि त्याच नजरेने या मंडळींकडे पाहतो.

दापोलीला अजूनही 'कॅम्प दापोली' म्हणतात. १८१८ नंतर इंग्रजांनी तेथे लष्करी ठाणे केले. ठाणे पुढे उठले, पण मुंबई लष्करातून निवृत्त झालेले अनेक शिपाई तेथे घरे करून राहिले. त्यांत महार आणि चांभार समाजांतील पुष्कळ होते. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबईच्या फौजेत महारांची भरती होत असे, हे सर्वांस ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले होते.

या लोकांनी पलटणीतून काय आणले? माझ्या मते तीन गोष्टी आणल्या. पहिली अक्षरओळख. पलटणीत शाळा असत, आणि शिपायांच्या मुलामुलींनाही तेथे शिकावे लागे. रामजी सकपाळ स्वतः लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. ज्या समाजाला गावच्या शाळेचा उंबरा बंद, त्याला हे शिक्षण छावणीत मिळाले. दुसरी गोष्ट रीतीने वागण्याची. तक्रार कोणाकडे करावी, वर कोणाकडे जावे, कागद कसा लिहावा, हे शिपायाला माहीत होते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पेन्शन.

पेन्शनचे महत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्या काळी गावातला महार वतनाने बांधलेला होता. गावकीची कामे करावयाची, आणि त्याबद्दल मिळेल ते बलुते घ्यावयाचे. हे वतन कायद्याने संपले ते १९५८ साली. बलुते देणारा रुसला की चूल विझली. अशा माणसाने 'हे असे का?' म्हणून विचारावयाचे कसे? पेन्शनरास मात्र सरकारी तिजोरीतून महिन्याचे पैसे येत. ते थोडे असतील, पण गावातल्या कोणाच्या मर्जीवर नव्हते. त्याची भाकर खळ्यातून सुटलेली होती.

यातला फरक मी माझ्या कामात पाहिला आहे. एका कारखान्यात कंत्राटी कामगारांच्या सह्यांचा अर्ज करावयाचा होता. गेटसभेला गर्दी झाली, पण कागद पुढे केला की हात खिशात जात. दुसऱ्या दिवशी काम बंद होईल ही भीती खोटी नव्हती. शेवटी त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले चौघे वृद्ध आले. ते म्हणाले, "आमचं आता कोण काय काढून घेणार? आमची नावं वर घाला." ती चार नावे पाहून खाली साठ सह्या झाल्या. त्या चौघांना त्या अर्जातून एक पैसाही मिळावयाचा नव्हता.

दापोलीच्या मंडळींचे पुढारी गोपाळ बाबा वलंगकर हे याच जातीचे गृहस्थ. म्हणजे वर नाव घालणाऱ्यांच्या जातीचे, असे मला म्हणावयाचे आहे. ते महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन ते दापोलीस राहिले. महात्मा फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर परिणाम होता. 'दीनबंधु' आणि 'सुधारक' या पत्रांतून त्यांनी लेखन केले. १८८८ च्या सुमारास त्यांनी 'विटाळ विध्वंसक' नावाचे पुस्तक काढून अस्पृश्यतेबद्दल उच्चवर्णीयांना सव्वीस प्रश्न विचारले. आणि १८९० च्या सुमारास 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन केली. नावाकडे लक्ष द्यावे. 'अनार्य' हा हिणवण्याचा शब्द. तो त्यांनी मूळचे रहिवासी या अर्थाने आपणच अंगावर घेतला.

मंडळींच्या पुढे दोन प्रश्न होते. पहिला शाळेचा. पलटणीत मुले शिकत होती, आणि पेन्शनरांची तीच मुले दापोलीच्या म्युनिसिपल शाळेस नको होती. १८९० नंतरच्या वर्षांत पेन्शनरांनी त्यासाठी अर्ज केले. त्यातून मिळाली ती शाळेच्या व्हरांड्यातली जागा. भिंतीच्या आत इतरांची मुले, बाहेर शिपायांची मुले, आणि धडा एकच! कोणी म्हणेल, यात काय साधले? संघटनेच्या कामात व्हरांडा हीसुद्धा एक पायरी असते. मात्र तिथेच बसून राहावयाचे नाही, हे ज्याला कळते तोच पुढे जातो.

दुसरा प्रश्न भरतीचा. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. अमुक जाती लढवय्या आणि अमुक नाहीत, असे एक शास्त्र तेव्हा साहेबलोकांत बोकाळले होते. जे निवृत्त झाले होते त्यांचे पेन्शन शाबूत होते. बंद झाली ती पुढल्यांची वाट. तरीही १८९४ साली वलंगकरांनी या अन्यायाविरुद्ध अर्जाचा मसुदा तयार केला. त्या अर्जाने दार उघडले नाही. १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी तीच मागणी विलायतेपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर मोडली गेली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. वलंगकर तर १९०० सालीच वारले होते.

पलटण परक्या सरकारची होती, तिच्यात जागा मागण्यात कसली थोरवी, असा आक्षेप मी ऐकला आहे. आक्षेप घेणाऱ्यास माझा एकच प्रश्न आहे: गावाने त्यांना दुसरे कोणते दार उघडे ठेवले होते? ज्या दारातून पगार, पाटी आणि मान मिळाला, ते मुलांसाठी उघडे राहावे असे त्यांना वाटले, यात मला तरी गैर दिसत नाही.

१८९५ साली वलंगकरांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांना ते रुचले नाही. पुढे त्याच महाडात, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्या परिषदेच्या जुळवाजुळवीत पुढे होते ते जवळच्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे. हे मोरे पुढे कामगार चळवळीत आले, म्हणून आम्हां युनियनवाल्यांना त्यांचे नाव घरच्यासारखे वाटते. एका मंडळीमुळे सत्याग्रह झाला असे मी म्हणणार नाही. पण महाडच्या मुलुखात पेन्शनरांची घरे होती, लिहिणारे-वाचणारे लोक होते, आणि अर्ज करण्याची, प्रश्न विचारण्याची सवय तीसचाळीस वर्षे मुरलेली होती. जमीन नांगरलेली होती, एवढे तर खरे.

तात्पर्य, पेन्शन म्हणजे म्हातारपणाची नुसती सोय नव्हे. ती भीतीतून मिळालेली सुटका आहे. ती कोणी पारावर बसून घालवतो, कोणी तिच्या जोरावर दुसऱ्याच्या अर्जावर पहिली सही करतो. या सभागृहात निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत. माजी सैनिक आहेत, शिक्षक आहेत, रेल्वेचे, गिरणीचे लोक आहेत. आपल्या गल्लीत आजही कोणाचे ना कोणाचे मूल कुठल्या तरी व्हरांड्यात बसलेले असेल. त्याच्या आईबापांना बोलण्याची भीती असेल. तुम्हांला ती राहिलेली नाही.