हाफ डोम फोटोत एवढासा का येतो?

उन्हाळा आला की भारतातून आई-बाबा येतात आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांमधली गाडी एकदा तरी योसेमिटीच्या दिशेने निघते. त्याच्या पंधरा दिवस आधी ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतो: ‘लँडस्केपसाठी चांगली लेन्स सुचव ना.’ खरं तर विचारणाऱ्याने उत्तर मनाशी ठरवलेलं असतं. वाइड अँगल, जमेल तितकी वाइड, आणि एफ/२.८ असलेली. अशी नवी लेन्स दोन हजार डॉलरच्या घरात जाते, बऱ्याचदा पुढेही. तुम्हीही त्याच विचारात असाल तर कार्ड बाहेर काढण्याआधी थोडं गणित करूया. शाळेतल्या त्रैराशिकापलीकडे ते जात नाही.

योसेमिटीतली टनेल व्ह्यू ही जागा घ्या. बोगद्यातून बाहेर पडताच अख्खी दरी समोर उघडते. डावीकडे एल कॅपिटनचा कडा, उजवीकडे ब्राइडलव्हेल धबधबा आणि मधोमध, लांबवर, हाफ डोम. तिथे उभं राहिलं की डोळ्यांना हाफ डोम प्रचंड वाटतो. घरी येऊन फोटो पाहावा तर झाडांच्या मागे एक राखाडी टेंगूळ. ‘प्रत्यक्षात खूप मोठा होता हो’ असं पाहुण्यांना सांगावं लागतं.

दोष कॅमेऱ्याचा नाही. सेन्सरवर पडणारी प्रतिमा किती मोठी, याचं सूत्र सोपं आहे: वस्तूच्या उंचीला तिच्या अंतराने भागा आणि लेन्सच्या नाभीय अंतराने गुणा. लेन्सवर लिहिलेले २४, ५० किंवा १०० मि.मी. म्हणजे हेच नाभीय अंतर. टनेल व्ह्यूपासून हाफ डोम साधारण १३ किलोमीटर दूर आहे. त्याचा जास्तीत जास्त एक किलोमीटर उंचीचा भाग दिसतो असं धरू. २४ मि.मी.च्या लेन्सने त्याची प्रतिमा होते १.८ मि.मी. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मि.मी., म्हणजे फोटोच्या उंचीचा तेरावा हिस्सा. तीच १०० मि.मी.ची लेन्स लावा, प्रतिमा ७.७ मि.मी. होते, जवळपास एक तृतीयांश. तुमची लेन्स जितकी वाइड तितका हाफ डोम छोटा. १६ मि.मी.ची महागडी लेन्स घेतली तर तो सव्वा मिलिमीटरवर येतो!

आता एल कॅपिटन. त्याचा कडा दरीपासून सुमारे ९०० मीटर उंच आणि टनेल व्ह्यूपासून चार किलोमीटरवर. २४ मि.मी.ने त्याची प्रतिमा ५.४ मि.मी., हाफ डोमच्या तिप्पट. १०० मि.मी.ने २२.५ मि.मी., म्हणजे पुन्हा तिप्पटच. (समुद्रसपाटीपासून मोजलं तर हाफ डोम एल कॅपिटनपेक्षा जवळपास चारशे मीटर उंच आहे, हे वेगळंच.) ‘टेलिफोटो लेन्स अंतरं दाबून टाकते’ असं फोटोग्राफीच्या बहुतेक व्हिडिओंत सांगतात. या आकड्यांकडे पाहा: लेन्सने दोघांचं प्रमाण बदललंच नाही. प्रमाण ठरवतात तुमचे पाय. त्या जागेवरून चौकटीत काय काय घ्यायचं, तेवढं लेन्स ठरवते.

याचा सगळ्यात चांगला उपयोग आई-बाबांच्या फोटोत होतो. नेहमीची पद्धत अशी: ते दगडी कठड्यापाशी उभे, तुम्ही दोन मीटरवर, २४ मि.मी. लेन्स. १६० सेंटिमीटर उंचीच्या आईची प्रतिमा १९ मि.मी. आणि हाफ डोम १.८ मि.मी. आता आई-बाबांना तिथेच राहू द्या, तुम्ही पार्किंगच्या बाजूला बारा मीटर मागे या आणि १०० मि.मी. लावा. आई १३ मि.मी., हाफ डोम ७.७ मि.मी. दोघंही चौकटीत उठून दिसतात आणि डोंगर खरोखर त्यांच्या पाठीशी उभा वाटतो. मध्ये कुणाची तरी टूर बस येईल, ती जाईपर्यंत थांबा. फोकस आई-बाबांवर, अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवा. हाफ डोम किंचित मऊ येईल, पण ओळखू न येण्याइतका नाही.

टेलिफोटो ही काही पक्षी टिपणाऱ्यांचीच मिरास नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९६० साली काढलेलं ‘मून अँड हाफ डोम’ हे प्रसिद्ध छायाचित्र हॅसलब्लाड कॅमेरा आणि २५० मि.मी.च्या लेन्सने काढलेलं आहे. त्या कॅमेऱ्याची फिल्म मोठी असल्याने फुल फ्रेमच्या हिशोबात ती लेन्स १४० मि.मी.च्या आसपास बसते. चंद्र आणि कडा एकाच चौकटीत तोलामोलाचे दिसतात ते त्यामुळे.

अ‍ॅडम्सचं नाव निघालंच आहे तर एफ-आकड्याकडे वळू. १९३२ साली त्याने एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरेंबरोबर सॅन फ्रान्सिस्कोत एक गट काढला, नाव ‘ग्रुप एफ/६४’. अ‍ॅपर्चर इतकं बारीक की पायाजवळच्या गवतापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. हे वाचून तुम्ही आपल्या कॅमेऱ्यावर एफ/२२ लावाल तर मात्र फोटो धूसर येईल. कारण विवर्तन. प्रकाश बारीक छिद्रातून गेला की पसरतो आणि प्रत्येक बिंदूची एक छोटी चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी तिचा व्यास साधारण एफ-आकडा गुणिले १.३ मायक्रोमीटर. एफ/६४ ला तो येतो ८६ मायक्रोमीटर. अ‍ॅडम्स-वेस्टन मंडळी वापरायची तशी ८ बाय १० इंचांची निगेटिव्ह जशीच्या तशी कागदावर ठेवून छापली तर इतकी चकती डोळ्याला कळतही नाही. आपला सेन्सर जेमतेम ३६ मि.मी. रुंद. भिंतीवर ६० सेंटिमीटरचा प्रिंट हवा तर प्रतिमा सतरापट मोठी करावी लागते. एफ/२२ ची ३० मायक्रोमीटरची चकती तिथे अर्धा मिलिमीटर होते, आणि ती दिसते. एफ/८ ला ती पावणेदोन दशांश मिलिमीटरवर राहते. माझं रोजचं काम सूक्ष्मदर्शकांवर चालतं. तिथेही हीच चकती आम्हाला छळते, फक्त पैसे जास्त लागतात.

मग एफ/८ ला सगळं स्पष्ट येतं का? २४ मि.मी. लेन्सवर एफ/८ ठेवून २.४ मीटरवर फोकस केला तर १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. १०० मि.मी.ला हेच गणित ४२ मीटरवर फोकस आणि २१ मीटरपासून पुढे, असं होतं. दोन्हीकडे काम एफ/८ ते एफ/११ मध्येच होतं. एफ/२.८ साठी मोजलेले पैसे आणि खांद्यावरचं जास्तीचं वजन दिवसाच्या लँडस्केपमध्ये बहुतेक वेळ पडून राहतं. संध्याकाळी उजेड कमी झाला की ट्रायपॉड लावा. डोंगर हलत नाहीत.

आणि वाइड लेन्स तुमच्याकडे बहुधा आहेच. फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या २४ ते २६ मि.मी. लेन्सइतकं दृश्य टिपतो. त्यामुळे नवा खर्च करायचा तर माझं मत ७०-२०० मि.मी. एफ/४ किंवा ७०-३०० मि.मी.च्या हलक्या लेन्सला. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल तर दीडने भागा: ५० ते २५० च्या आसपासची साधी झूम लेन्स पुरेशी होते, आणि ती वापरलेली घेतली तर बऱ्यापैकी स्वस्तात मिळते. खरी वाइड लेन्स कामाला येते ती पायाशी काहीतरी असेल तेव्हा: टुओलमी मेडोजमधलं ओढ्याचं वळण, हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइट, रानफुलं. अशा वेळी ती अर्ध्या-एक मीटरवर नेऊन वाका. नुसती उभ्या उभ्या दरीकडे रोखली तर मिळतं भरपूर आकाश.

पोलरायझर फिल्टरही लोक सोबत घेतात. आकाश तो सर्वांत जास्त गडद करतो सूर्यापासून ९० अंशांवर. टनेल व्ह्यूहून तुम्ही पूर्वेकडे पाहता, संध्याकाळी सूर्य बरोबर पाठीमागे असतो, त्यामुळे आकाशावर त्याचा जवळपास काहीच परिणाम होत नाही. दुपारी होतो, पण २४ मि.मी. लेन्स ७४ अंश रुंदीचं दृश्य घेते, म्हणून अर्धं आकाश गडद निळं आणि अर्धं फिकट येतं. धबधब्याजवळच्या ओल्या दगडांवरची चमक घालवायला मात्र तो उत्तम.

एफ/२.८ ची खरी गरज लागते रात्री. पृथ्वी फिरते म्हणून आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. २४ मि.मी.ने २० सेकंद शटर उघडं ठेवलं तर आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा तारा सेन्सरवर ३५ मायक्रोमीटर घसरतो, २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर सहा पिक्सेल. याहून जास्त वेळ देता येत नाही, ट्रायपॉड कितीही भक्कम असला तरी. मग मिळेल तेवढा प्रकाश छिद्रातूनच घ्यावा लागतो आणि एफ/४ च्या तुलनेत एफ/२.८ दुप्पट घेते. आकाशगंगा टिपायची असेल तर अमावास्येच्या आसपासचा वीकेंड धरा आणि तीन दिवसांसाठी तशी लेन्स भाड्याने आणा. उन्हाळ्यात ग्लेशियर पॉइंटचा रस्ता उघडा असतो. तिथून हाफ डोम चारच किलोमीटरवर आहे, आणि तेवढ्या अंतरावर २४ मि.मी.नेही तो चौकटीचा चौथा हिस्सा भरतो.