बाळाच्या आजाराचा दोष आईच्या माथी नको



औंढा नागनाथच्या वस्तीत आरोग्यावर बोलायला बसलो की सगळे उठल्यावर एखादी आई मागे थांबते. "लेकरू वर्षाचं होत आलं, अजून मान धरत नाही. अंगात जीवच नाही. घरचे म्हणतात, पोटुशी असताना तू ग्रहण पाळलं नाहीस." ग्रहणाने असे काही होत नाही, हे आम्ही सांगतो. पण मग कशाने होते?

कारणे अनेक असतात. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, थायरॉइड कमी असणे, कुपोषण आणि काही वेळा आईबापांकडून आलेला जन्मजात दोष. त्यातल्याच एका दुर्मिळ दोषाविषयी आज सांगतो. तो समजला की "दोष कुणाचा?" या प्रश्नाचेही उत्तर मिळते.

आपले शरीर प्रथिनांवर चालते. पेशीत तयार झालेली बरीचशी प्रथिने तशीच कामाला लागत नाहीत. त्यांना आधी साखरेच्या कणांची साखळी जोडावी लागते. ही चहातली साखर नव्हे. मॅनोज, फ्युकोज अशा निरनिराळ्या साखरा शरीर स्वतः वापरते. साखळी नसेल तर प्रथिनाची घडी नीट बसत नाही, ते ठरल्या जागी पोचत नाही. साखळी जोडण्याच्या या कामाला ग्लायकोसिलेशन म्हणतात.

याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट नोंदवला. आज जगभर त्याला "बॉम्बे ब्लड ग्रुप" म्हणतात. आपल्या तांबड्या पेशींवर "एच" नावाची खूण असते. ती फ्युकोज साखर जोडल्याने तयार होते, आणि ए व बी या खुणा तिच्यावरच चढतात. बॉम्बे गटाच्या माणसात ही साखर जोडणारे जनुक काम करत नाही. म्हणून साध्या तपासणीत त्याचा गट "ओ" दिसतो. पण त्याला ओ गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. भारतात साधारण १० हजारांत एक माणूस असा असतो. एरवी तो धडधाकट असतो.

साखळीची एक शेवटची कडी नसली तर असे होते. पण साखळी मुळातच नीट तयार झाली नाही, तर मेंदू, यकृत, रक्त गोठणे, सगळ्यालाच धक्का बसतो. बाळ लुळे पडते, दूध नीट पीत नाही, वजन वाढत नाही, डोळे तिरळे होतात, झटके येतात. बेल्जियमचे बालरोगतज्ज्ञ याक याकेन यांनी १९८० मध्ये जुळ्या बहिणींमध्ये असा आजार प्रथम नोंदवला. आज त्याचे दीडशेहून अधिक प्रकार माहीत आहेत.

बिघाड नेमका कुठे, हे शोधायला मदत केली ती पाव फुगवणाऱ्या यीस्टने. यीस्ट हा एकाच पेशीचा जीव. पण त्याच्यात आणि आपल्यात ही साखळी बांधण्याची सुरुवात सारखीच होते. दोन्हीकडे आधी १४ साखरांची साखळी तयार होते, मग ती प्रथिनावर बसवली जाते. बाळावर प्रयोग करता येत नाही, पण यीस्टचे एकेक जनुक बिघडवून काय अडते ते पाहता येते. अमेरिकेत रँडी शेकमन यांनी १९८० च्या सुमारास अशी बिघडलेली यीस्ट गोळा केली. त्यातले "सेक-५३" हे जनुक साखळीसाठी मॅनोज तयार ठेवण्याच्या कामी येते, असे पुढे कळले. १९९७ मध्ये आजारी मुलांमधले बिघडलेले जनुक सापडले, ते त्याचेच माणसातले भावंड निघाले. शेकमन यांना २०१३ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता दोषाचे बोलू. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. बॉम्बे गट असो की यातले बहुतेक आजार, दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच ते दिसतात. एकच बिघडलेली असेल तर माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. असे दोघे नवरा-बायको झाले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते. म्हणजे आई जेवढे देते तेवढेच बाप देतो, आणि दोघेही अजाणता. ग्रहण, नजर, करणी यांचा काही संबंध नाही. मामाची मुलगी करण्याच्या चालीत मात्र एकाच आजोबांकडची बिघडलेली प्रत दोघांत असण्याची शक्यता वाढते. प्रत्येक घरी तसे होते असे नाही, पण सोयरीक ठरवताना हे ध्यानात ठेवावे.

मग करायचे काय?

बाळ चार-पाच महिन्यांचे होऊनही मान धरत नसेल तर थांबू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना दाखवा. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना विचारा. कारण सापडत नसेल तर "ट्रान्सफेरिनची तपासणी करावी का?" असे विचारा. ती रक्ताची तपासणी असून नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो. बहुतेक प्रकारांवर मुळातून बरे करणारे औषध नाही, पण व्यायामोपचार आणि नीट आहार यांनी मूल सावरते. एका प्रकारात डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॅनोज दिल्याने गुण येतो. घरी साखर किंवा यीस्ट खाऊ घालून काही होत नाही.

घरात कुणाचा गट ओ असून ओ रक्ताच्या पिशव्या जुळत नसतील, तर रक्तपेढीला बॉम्बे गट तपासायला सांगा. तो निघाला तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. वेळेला तेच उपयोगी पडतात.

आणि लेकरू घेऊन दवाखान्यात जाताना आईला एकटी पाठवू नका. बापानेही सोबत जावे.